मासे घाण करतात, कर्दळ निस्तरते

परसातल्या हौदात मासे सोडले की त्यांच्या कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया येऊ लागतो. तो साचला, तर मासेच मरतात. म्हणून हौदाशेजारी खडीने भरलेले उथळ टाके बांधा. हौदाचे पाणी छोट्या पंपाने खडीच्या तळाशी सोडा. ते वर चढून पुन्हा हौदात पडेल. खडीवर वाढणारे जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट बनवतात. त्यांना प्राणवायू लागतो, तेव्हा पंप रात्रीही चालू हवा. त्यांची वस्ती जमायला काही आठवडे जातात; तोवर मासे थोडेच ठेवा.

नायट्रेट शोषायला वनस्पती हव्यात. माझी पहिली पसंती कर्दळीला. ती भराभर वाढते, आणि सदा ओल असली तरी तिची मुळे कुजत नाहीत. जोडीला अळू व वेखंड लावा. पाणकणीस मात्र टाळा. मी हौसेने लावले होते. त्याच्या जमिनीखालच्या खोडांनी पाण्याची वाटच अडवली, अखेर कुदळीने खडी उपसावी लागली! जलपर्णी तर नकोच. ओढ्यात गेली की आवरत नाही.

खत घालू नका, ते मासे पुरवतात. पिवळी पाने मात्र कापून टाक्याबाहेर काढा. ती तिथेच कुजली, तर शोषलेला नायट्रोजन पुन्हा पाण्यात उतरतो.