"पोरीला केमिकलला घालू का, साहेब?"



गेल्या जूनमधली गोष्ट. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी, हे सांगायला एका गावी गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर एक शेतकरी बाजूला येऊन म्हणाले, "साहेब, पोरीला बारावीला चांगले गुण पडलेत. मुंबईला केमिकल इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. तिथं जाऊन विषात हात घालायचे का?"

मी पडलो शेतीचा पदवीधर. पण माझी पुतणी मुंबईत माटुंग्याला हेच शिकली. तिच्याकडून जे ऐकले व तेथे जाऊन जे पाहिले, ते त्यांना सांगितले. तेच आज आपल्यालाही सांगतो.

ओलसर गवताची गंजी रचली तर ती आतून तापते, हे आपण जाणता. तेच गवत अंगणात पसरले तर तापत नाही. असे का? ढीग लांबी, रुंदी व उंचीने दुप्पट केला, तर आतला माल 8 पट होतो; पण उष्णता जिथून बाहेर पडायची ते अंग 4 पटच वाढते. मग उष्णता आत कोंडते. कारखान्यातही हीच अडचण येते. काचेच्या भांड्यात सहज जमलेली क्रिया हजार लिटरच्या टाकीत तशीच जमेल असे नाही. उष्णता कशी काढायची, किती ढवळायचे, कसे गाळायचे, किती सुकवायचे, याचा हिशेब म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग. घरच्या पातेल्यात रस आटवणे वेगळे आणि गुऱ्हाळाच्या काहिलीत आटवणे वेगळे, हे आपला गुळव्या जाणतोच. तो अनुभवाने जाणतो, इथे ते गणिताने शिकवतात.

राहिली विषाची गोष्ट. प्रयोगशाळेत डोळ्यांना चष्मा आणि अंगात अ‍ॅप्रन असल्याशिवाय काम करायचे नाही, हा तेथला पहिला धडा. आपण मात्र कपाशीवर फवारणी करताना तोंडाला फडकेसुद्धा बांधत नाही! विषाची भीती कोणी कोणाची धरायची, ते आपणच ठरवा.

माटुंग्याची ही संस्था मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून 1933 साली सुरू झाली. 2008 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता जालन्यालाही तिची शाखा आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर इथलेच विद्यार्थी. जन्म 1943 चा, गोव्यातील माशेल गावचा. लहानपणीच वडील गेले, आईने कष्ट करून शिकवले. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या या मुलाने 1966 मध्ये इथून पदवी घेतली आणि 1969 मध्ये प्रा. मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. पुढे ते देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख असताना, हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत दिलेले पेटंट परिषदेने 1997 मध्ये रद्द करवून घेतले. हळद आपली आणि हक्क दुसऱ्याचा, हे टळले.

तेथल्या संशोधनाचा आपल्या शेताशीही संबंध आहे. काड, धाटे, पाचट यांत साखर असते, पण ती घट्ट बांधलेली असते. गाईच्या पोटातले जिवाणू ती सोडवतात, म्हणून गाय कडब्यावर जगते. माटुंग्याच्या संशोधकांनी हेच काम टाकीत करण्याची पद्धत बसवली. आधी काड सैल करायचे, मग विकरांनी साखर मोकळी करायची आणि ती आंबवून इथेनॉल काढायचे. या पद्धतीवर दररोज 10 टन काड वापरणारा प्रायोगिक कारखाना 2016 मध्ये उत्तराखंडात काशीपूरला उभा राहिला. शेतात पेटवून देतो ते पाचट कच्चा माल ठरू शकते, हे त्याने दाखवले.

हे सारे सोपे आहे असे मात्र समजू नका. माझी पुतणी मराठी शाळेतून गेलेली. पहिले सहा महिने वर्गातले इंग्रजी डोक्यावरून जाई. रात्री फोनवर रडायची. शेवटच्या वर्षी तिचा प्रयोग तीन महिने जमेना. अखेर ढवळण्याचा वेग चुकत होता, हे तिचे तिलाच सापडले. "काका, न जमलेलं रोज वहीत लिहीत गेले, म्हणून सापडलं," असे ती म्हणाली. पेरणीची तारीख, खताची मात्रा, पावसाचा दिवस, आपण वहीत किती लिहितो बरे?

ज्यांची मुले-मुली या वाटेने जाऊ इच्छितात, त्यांनी अकरावीपासून गणित, भौतिक व रसायन पक्के करून घ्यावे. प्रवेश परीक्षेचे अर्ज वेळेत भरावेत. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, मुलींना शुल्कात सवलती आहेत. आपल्याला कोणती लागू पडते, हे प्रवेशाआधीच महाविद्यालयात विचारून घ्यावे. उत्पन्नाचा व जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. ऐनवेळी तहसील कचेरीत धावपळ नको.

त्या शेतकऱ्यांनी मुलीला पाठवले. दिवाळीपूर्वी त्यांचा फोन आला. "पहिल्या चाचणीत गणितात नापास झाली, साहेब. परत आणू का?"

मी म्हटले, "दुबार पेरणीची वेळ आली म्हणून आपण रान विकतो का?"

मुलगी अजून तिथेच आहे.