मोहाखाली जाताय? आवाज करत जा!

कतारगामातून डेडियापाड्याकडे भटकायला निघणाऱ्या मंडळींनो, शूलपाणेश्वर अभयारण्यात अस्वलं आहेत बरं का! मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, तेव्हा पहाटे आणि तिन्हीसांजेला ती खायला अस्वलं झाडाखाली हमखास येतात. वारूळ उकरून वाळवी ओढताना अस्वल असा सुर्रर्र आवाज करतं, की लांबूनही ऐकू यावा. ऐकू आला की तिथूनच मागे फिरा. खाण्यात गुंगलं की त्याला माणसाची चाहूल लागत नाही आणि अचानक समोर आलात तर दचकून थेट अंगावर येतं. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी तर त्याहून तापट. म्हणून गप्पा मारत, काठी आपटत चला. कानात इअरफोन? मुळीच नको. आणि पळू नका: अस्वल आपल्यापेक्षा जोरात धावतं, झाडावरही चढतं.