कोअर मोजा, मग सर्व्हर घ्या

शिवोलीचा पूल ओलांडून चोपड्यात उतरलं की डावा रस्ता शापोरा नदीच्या काठानं मोरजीकडे वळतो, पुढे आश्वे आणि मांद्रे. सरळ गेलात तर आगरवाडा, पार्से, पेडणे. मोपाच्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 ला विमानं उडू लागली आणि या पट्ट्यातल्या धंद्यांना पाहुण्यांचा दुसरा दरवाजा मिळाला. यातले बरेचसे धंदे घरचेच. वडिलांनी वहीत चालवलेलं काम आता पुण्याहून किंवा बंगळुरूहून शिकून परतलेल्या मुलीच्या नाहीतर मुलाच्या हातात येतं, आणि घरचे म्हणतात, ‘कॉम्प्युटरचं तेवढं तू बघ.’

त्या ‘तेवढं’मध्ये एक मोठा खर्च लपलेला असतो आणि तो शिकवणारं कॉलेज माझ्या तरी पाहण्यात नाही. सर्व्हरच्या किमतीवर घरात महिनाभर चर्चा होते, तीन ठिकाणचे दर मागवले जातात. त्या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसचं लायसन्स मात्र कोटेशनच्या शेवटच्या ओळीत असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही. खरं तर क्रम उलटा हवा, कारण डेटाबेसची किंमत बहुतेक वेळा यंत्राच्या पोटात काय आहे त्यावर ठरते.

आधी लायसन्स म्हणजे काय ते पाहू. कोणत्या खोलीत कोण उतरलं, आगाऊ किती आले, बाकी किती, हे सगळं ज्या पेटीत साठतं ती पेटी म्हणजे डेटाबेस. ती पेटी आपण विकत घेत नाही, वापरायचा हक्क घेतो. पेडण्या-डिचोलीत काजूची बागायत हंगामापुरती पावणीत घेतात. बोंडू आपले, झाडं दुसऱ्याची, आणि हंगाम संपला की हक्क संपला. वर्षाच्या वर्गणीचं लायसन्स तसं असतं. एकदाच पैसे भरून मिळणारं कायमचं लायसन्स थोडं मुंडकारासारखं: राहण्याचा हक्क कायम, जमीन मात्र भाटकाराची. (मुंडकाराला कायद्यानं घराची जागा विकत तरी घेता येते. इथे तीही सोय नाही.)

आता मोजणी. समजा, मोरजी, आश्वे आणि मांद्रे इथे मिळून तीन लहान हॉटेलं आहेत आणि त्यांचं ऑफिस चोपड्यात. संगणकावर बसणारी माणसं 30. विक्रेता सांगतो, ‘पुढच्या वाढीचा विचार करा, दोन प्रोसेसरचा सर्व्हर घ्या, प्रत्येकात 16 कोअर.’ यंत्र चांगलंच असतं आणि किंमतही फार नसते. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारा एकेक मेंदू. असे 32 मेंदू झाले.

ओरॅकलच्या दरपत्रकात एंटरप्राइझ आवृत्तीचा दर एका प्रोसेसरला 47,500 डॉलर आहे. इथे प्रोसेसर म्हणजे हातात धरता येणारी चिप नव्हे. इंटेल किंवा एएमडीच्या यंत्रात कोअरच्या संख्येला 0.5 नं गुणून येणारा आकडा म्हणजे प्रोसेसर. म्हणजे 32 कोअरचे 16 प्रोसेसर आणि 7,60,000 डॉलर. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर 85 रुपये धरला तर सुमारे 6 कोटी 46 लाख. त्यावर दरवर्षी 22 टक्के सपोर्टचे, म्हणजे 1 कोटी 42 लाख. मोठे गिऱ्हाईक घासाघीस करून दर बराच खाली आणतात, पण तीन हॉटेलांच्या मालकाला ती ताकद कुठून येणार? आणि 22 टक्के म्हणजे साधारण साडेचार वर्षांत मूळ किंमत पुन्हा एकदा भरणं. सपोर्ट बंद केला तर हातातली आवृत्ती चालत राहते, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत.

त्याच कंपनीची स्टँडर्ड एडिशन 2 मात्र कोअर मोजत नाही, यंत्रातल्या प्रोसेसरच्या जागा म्हणजे सॉकेट मोजते. दोन सॉकेटचे 35,000 डॉलर, सुमारे 30 लाख रुपये. यंत्र तेच, कंपनी तीच, आणि फरक सहा कोटींचा. (ही आवृत्ती एका वेळी 16 धाग्यांपलीकडे काम करत नाही. तीन हॉटेलांना तेवढं पुष्कळ झालं.)

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर कोअर मोजतो. 2022च्या आवृत्तीच्या अमेरिकी दरपत्रकात स्टँडर्डच्या दोन कोअरचे 3,945 डॉलर आहेत. आपल्या 32 कोअरच्या यंत्राला ते 63,120 डॉलर होतात, साडेत्रेपन्न लाखांवर. यातली गंमत अशी की ती स्टँडर्ड आवृत्ती जास्तीत जास्त 24 कोअर वापरते. यंत्रात आहेत म्हणून पैसे सगळ्या 32 चे भरायचे आणि 8 कोअर नुसते बसून राहणार. (2025च्या आवृत्तीत ही मर्यादा 32 झाली.) त्याऐवजी एका प्रोसेसरचा, 8 कोअरचा पण वेगवान सर्व्हर घेतला असता तर हेच काम 15,780 डॉलरमध्ये, म्हणजे साडेतेरा लाखांच्या आत झालं असतं. प्रत्येक प्रोसेसरला किमान 4 कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं, त्यामुळे फार खाली जाण्यातही अर्थ नाही. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

दुसरी पद्धत माणसं मोजण्याची. मायक्रोसॉफ्टमध्ये सर्व्हरचे 989 डॉलर आणि वापरणाऱ्या प्रत्येकाचे 230. तीस माणसांचे मिळून 7,889 डॉलर, सुमारे 6 लाख 70 हजार. स्वस्त वाटतं, आणि फक्त ऑफिसातली माणसं वापरणार असतील तर आहेही. पण हॉटेलाच्या संकेतस्थळावरून पाहुण्यानं केलेलं बुकिंग याच डेटाबेसमध्ये पडत असेल तर तो पाहुणाही वापरणारा ठरतो. मधे आणखी एखादं सॉफ्टवेअर ठेवलं म्हणून डोकी कमी होत नाहीत. जगभरचे पाहुणे मोजता येत नाहीत, म्हणून मग कोअरच मोजावे लागतात.

ओरॅकलच्या माणसं मोजण्याच्या व्याख्येत तर माणूसच असायला हवा असंही नाही. कोणी न चालवता आपोआप माहिती पाठवणारं उपकरणही ‘वापरणारा’ म्हणून मोजलं जातं. खोल्यांच्या दारावरची कार्डाची कुलपं जर थेट डेटाबेसशी बोलत असतील तर शंभर खोल्यांची शंभर कुलपं यादीत आली. ही व्याख्या करारात छापलेली असते. लबाडी म्हणावी असं काही नाही, फक्त सही करताना कोणाच्या डोळ्यांपुढे कुलूप नसतं.

सर्वात जास्त वाद मात्र आभासी यंत्रांवरून झाले आहेत. एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरनं तुकडे पाडायचे आणि एका लहान तुकड्यात डेटाबेस ठेवायचा, ही आता रोजची रीत आहे. व्हीएमवेअर हे त्यासाठीचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर. ओरॅकलचं धोरण म्हणतं की असे तुकडे लायसन्स कमी करण्यासाठी धरले जाणार नाहीत. डेटाबेस ज्या यंत्रांवर जाऊ शकतो ती सगळी मोजायची. चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचं याच मुद्द्यावरून ओरॅकलशी बिनसलं. तपासणीसाठी मार्सनं 2,33,089 पानं कागदपत्रं दिली आणि तरी मिटेना, तेव्हा 2015च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा लावला. तो त्याच वर्षी मागे घेतला गेला, त्यामुळे कोणाचं बरोबर यावर निकाल आलाच नाही. मार्सकडे वकील होते. आपल्याकडे म्हापशाचे सीए असतात.

आणखी एक खाच. ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीत काही जादा सोयी, उदाहरणार्थ डेटाबेस हळू का चालतोय हे दाखवणारा डायग्नोस्टिक्स पॅक, आधीपासून यंत्रात असतात. पैसे न भरताही त्यांचा पडदा उघडतो. पण उघडल्याची नोंद डेटाबेस स्वतःच करून ठेवतो आणि तपासणीत पहिल्यांदा तीच बघतात. नव्या मुलाला चाचपडून बघायची सवय असते. त्या सोयी पहिल्याच दिवशी बंद करून ठेवाव्यात.

फुकटच्या आवृत्त्यांचं काय? त्या आहेत, आणि लहान धंद्याला त्यांची लाज वाटायचं कारण नाही. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती प्रत्यक्ष कामाला वापरता येते. 2022पर्यंत तिच्यात एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा होती, 2025च्या आवृत्तीत ती 50 जीबी झाली. नुसत्या बुकिंगच्या नोंदींनी 10 जीबी भरायला वर्षानुवर्षं लागतील. पण गोव्यातल्या हॉटेलाला विदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, म्हणून पासपोर्टचं चित्र काढलं जातं आणि पुष्कळ सॉफ्टवेअरं ते चित्र डेटाबेसच्याच पोटात ठेवतात. एक चित्र अर्ध्या एमबीचं धरलं तरी वीस हजार चित्रांत 10 जीबी संपले. मग भर डिसेंबरात सॉफ्टवेअर नवी नोंद घ्यायला नकार देतं. चित्रं बाहेर, कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता ठेवणारं सॉफ्टवेअर निवडलं तर हा प्रश्नच येत नाही. डेव्हलपर आवृत्तीही फुकट मिळते आणि तिच्यात एंटरप्राइझच्या सगळ्या सोयी असतात, पण ती केवळ सॉफ्टवेअर बनवण्या-तपासण्यासाठी. तिच्यावर हॉटेल चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणंच.

आणि कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेली ‘क्रॅक’ आवृत्ती? कॉपीराइट कायदा 1957च्या कलम 63ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. कलम 69 मुळे कंपनीच्या गुन्ह्याला कारभार पाहणारा माणूसही जबाबदार धरला जातो. म्हणजे ‘कॉम्प्युटरचं तेवढं तू बघ’ म्हणणारे बाबासुद्धा.

राहिली मुक्त सॉफ्टवेअरची वाट. पोस्टग्रेस 1986मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सुरू झालं. त्याला ना कोअरची मोजणी, ना माणसांची, ना कुलपांची. दुसरा सर्व्हर राखीव ठेवायचा तर त्याचंही लायसन्स लागत नाही; पावसाळ्यात विजेच्या लपंडावात जगणाऱ्या आपल्या भागात ही मोठी गोष्ट आहे. एंटरप्राइझडीबी या कंपनीचं मोठं कार्यालय पुण्यात आहे, त्यामुळे पैसे देऊन मदत हवी असेल तर ती मराठीतसुद्धा मिळू शकते. मायएसक्यूएलची कथा वेगळी. ते 2008मध्ये सन कंपनीनं सुमारे 100 कोटी डॉलरना घेतलं, सन 2010मध्ये ओरॅकलनं घेतली, आणि मूळ निर्मात्यानं त्याच कोडवरून मारियाडीबी नावाची वेगळी चूल मांडली. दोन्ही आजही वापरता येतात. मोठ्या कामाला हे टिकेल का, अशी शंका घरात निघाली तर आधारचं उदाहरण सांगा. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं. त्या व्यवस्थेत मायएसक्यूएलसारखी मुक्त सॉफ्टवेअरं वापरली गेली. केंद्र सरकारनं 2015मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरणच जाहीर केलं.

पण फुकटाचा अर्थ बिनखर्चाचं असा घेऊ नका. पोस्टग्रेसची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. त्या लावायला, बॅकअप घ्यायला आणि तो बॅकअप खरंच उघडतो का हे दुसऱ्या यंत्रावर करून बघायला माणूस लागतो. लायसन्सचे वाचलेले पैसे त्या माणसाला द्यायला हवेत. ते दिले नाहीत तर ओरॅकलचं बिल बरं होतं म्हणायची वेळ येईल.

माझं मत विचाराल तर तीन हॉटेलांच्या व्यापाला ओरॅकल एंटरप्राइझ घ्यायचं एकही कारण मला दिसत नाही. बुकिंगचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेसवर किंवा मारियाडीबीवर चालत असेल तर तेच घ्यावं. अडचण अशी की बहुतेक वेळा हा निर्णय आपल्या हातात नसतो. सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, ‘आमचं फक्त एसक्यूएल सर्व्हरवर चालतं.’ म्हणून सर्व्हरच्याही आधी त्याला विचारायचं की कोणते डेटाबेस चालतात आणि सोडून जायचं झालं तर माझ्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत देणार. उत्तर लेखी घ्यायचं. ढगातला, म्हणजे क्लाउडमधला डेटाबेस भाड्यानं घेतला तरी हे प्रश्न सुटत नाहीत, फक्त लायसन्सचे पैसे महिन्याच्या भाड्यात मिसळतात. जुलै 2025मध्ये मुंबईतल्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टनं युरोपीय निर्बंधांमुळे अचानक बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली तेव्हा त्या परत सुरू झाल्या. तिथे प्रश्न ईमेलसारख्या सेवांचा होता, पण नळ दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय ते कळलं.

लायसन्स घेतलंच तर त्याची एक फाइल करा. ऑर्डर, बिल, त्या तारखेचा करार, सर्व्हरमधल्या कोअरची संख्या आणि कोणत्या यंत्रावर काय बसवलं त्याचा कागद, सगळं एकत्र. जमिनीचा एक-चौदाचा उतारा जिथे असतो त्याच कपाटात ठेवलंत तरी चालेल. ओरॅकलच्या नेहमीच्या करारात तपासणीसाठी 45 दिवसांची लेखी सूचना असते, आणि ती येते तेव्हा यंत्र बसवणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला असण्याची शक्यताच जास्त.