शीड आवरण्याची विद्या



चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते आणि जुनीं माणसें त्या साऱ्या मुलखास चांदा म्हणत. त्या मुलखांतील मनुष्यास समुद्राचें दर्शन घडावयाचें म्हणजे शेकडों मैलांचा प्रवास आला. पश्चिमेचा समुद्र दूर, आणि पूर्वेचाही कांहीं शेजारीं नाहीं. अशा अरण्यप्रदेशांतील घरांना उद्देशून शिडांच्या जहाजांविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु अलापल्लीचा किंवा अहेरीचा साग ज्यानें पाहिला आहे, त्यानें जहाजाचें निम्में शरीर पाहिलें आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सागाच्या लांकडांत नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें तें पाण्यांत लवकर कुजत नाहीं, समुद्रांतील किडा त्यास सहजासहजीं पोखरीत नाहीं, आणि त्यांत ठोकलेला लोखंडी खिळाही फारसा गंजत नाहीं. विलायतेंतील ओक वृक्षाच्या लांकडांत आम्लाचा अंश असल्यामुळें तेथील जहाजांचे खिळे झिजून जात. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' नांवाची लढाऊ नौका १८१७ सालीं बांधून पाण्यांत सोडली. ती इंग्लंडांतील हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे. आमच्याकडचें लांकूड व कापूस पूर्व समुद्राकडे सुलभपणें जावा म्हणून गोदावरी व प्राणहिता या नद्या नौकांस मोकळ्या करण्याचा मोठा उद्योग इंग्रज सरकारनें गेल्याच्या आदल्या शतकांत मांडला होता. सर आर्थर कॉटन हे त्या कल्पनेचे पुरस्कर्ते. पण नदींतील खडकांचे तीन मोठे अडथळे कांहीं केल्या हटले नाहींत आणि १८७१ सालीं तें काम सोडून द्यावें लागलें.

येथें एक गोष्ट सांगून टाकतों, कारण सागाचे अभिमानी लोक ती सहसा सांगत नाहींत. जहाजाचा सांगाडा व फळ्या सागाच्या असल्या, तरी डोलकाठी बहुधा सागाची नसे. साग वजनास जड. डोलकाठी हवी उंच, सरळ आणि हलकी. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर तिच्यासाठीं पून नांवाचा वृक्ष शोधीत. हा कोंकणांतील उंडीचा भाऊबंद असून सह्याद्रीच्या दाट रानांत सरळसोट वाढतो.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. शीड उभारणें हें काम दिसावयास मोठें. पण खलाशाची खरी परीक्षा तें उतरविण्यांत. याचें कारण वाऱ्याच्या गणितांत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे शिडावरील त्याचा दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. सकाळीं जें शीड जहाजाला सुखानें पुढें नेत होतें, तेंच दुपारीं वावटळ येतांच त्याला आडवें पाडावयास समर्थ होतें. २४ मार्च १८७८ रोजीं 'युरिडिसी' नांवाची इंग्रजांची शिकाऊ खलाशांची नौका घराच्या अगदीं जवळ, वाइट बेटापाशीं पोहोंचली होती. शिडें उभारलेलीं, तोफांच्या खिडक्या उघड्या. इतक्यांत हिमाचें वादळ टेकडीआडून अंगावर आलें, आणि शिडें आवरावयास अवधि मिळण्यापूर्वींच ती कलंडून बुडाली. तीनशेंहून अधिक माणसें गेलीं, दोघे वांचले. थोडीं मिनिटें आधीं शिडें आवरलीं असतीं तर ती दुपार इतर दुपारींसारखीच गेली असती.

आमच्या कोंकणच्या नौकांचें शीड निराळ्या तऱ्हेचें. गलबत, शिबाड, मचवा, पत्तेमारी यांच्या डोलकाठीवर एक लांबलचक काठी तिरपी चढवितात. तिला परभाण म्हणतात. तिला बांधलेलें शीड जवळजवळ त्रिकोणी असतें. या शिडाचा गुण असा कीं, वारा समोरून तिरपा येत असला तरी नौका पुढें सरकते. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारांतील गलबतांना याशिवाय चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला म्हणजे युरोपियन जहाज लांकडाच्या ओंडक्याप्रमाणें जागच्या जागीं डुलत राही, आणि हीं गलबतें वल्हीं मारीत त्याच्या पिछाडीस, जेथें तोफा थोड्या तेथें, जाऊन भिडत.

परंतु या शिडाचा दोषही तितकाच मोठा. जोराचा वारा आला म्हणजे तें अर्धें गुंडाळून लहान करण्याची सोय त्यांत नसते. परभाण खालीं घ्यावयाचें, मोठें शीड सोडावयाचें आणि दुसरें लहान शीड त्यास बांधून पुन्हां वर चढवावयाचें, हाच उपाय. वळण घेतांना तर आणखी पंचाईत. नौकेची पाठ वाऱ्याकडे करून, शीड मोकळें सोडून, तें भलें मोठें परभाण डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस न्यावें लागतें. त्या क्षणीं शीड निशाणासारखें फडफडत असतें आणि त्याचा दोर एखाद्यास लागला तर तो थेट समुद्रांतच. चांगला तांडेल म्हणूनच आकाशाकडे पाहून निर्णय आधीं घेतो. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावरील नौका ओढून ठेवीत आणि शिडें घरीं नेत, त्यामागें केवळ धर्मभावना नव्हती. त्या दिवसांत शीड बदलावयास वारा सवडच देत नाहीं.

या शिडाची एक युक्ति मात्र मला फार आवडते. शीड परभाणाला गुंडाळून कच्च्या सुतळीनें जागोजाग बांधतात आणि तसेंच वर चढवितात. सर्व तयारी झाली म्हणजे खालून दोराला एक हिसका. सुतळ्या पटापट तुटतात आणि शीड एकदम वाऱ्यानें भरतें.

मोठ्या युरोपियन जहाजांचीं शिडें चौकोनी, आणि एकाच डोलकाठीवर एकावर एक अशीं तीन-चार असत. तीं गुंडाळण्यासाठीं माणसांना प्रत्यक्ष वर चढावें लागे. परंतु काम सुरू होई तें खालीं, तक्तपोशीवर. प्रथम शिडाचे खालचे दोन कोपरे ताणून धरणारे दोर सैल करीत; मग दुसऱ्या दोरांनीं ते कोपरे वर ओढीत, आणि शिडाच्या पोटापुढून गेलेल्या दोरांनीं मधला फुगारा वर घेत. त्याच वेळीं आडवी काठी अशी फिरवीत कीं शिडांतील वारा निसटून जावा. एवढें झालें म्हणजे शीड काठीखालीं झुबक्यांसारखें लोंबत राही. मग माणसें वर धांवत. चढावयाचें तें नेहमीं वाऱ्याच्या बाजूनें, म्हणजे वारा मनुष्यास दोरांच्या शिडीवर दाबून धरतो. उलट बाजूनें चढल्यास तोच वारा त्यास शिडीवरून ओढून काढूं पाहतो.

काठीच्या खालीं एक दोर लोंबत बांधलेला असतो. त्यावर पाय ठेवून, पोट काठीवर टेकून, माणसें ओळीनें उभीं राहतात. नवा मनुष्य त्या दोरावर पाऊल ठेवतांच तो ताणला जाऊन इतरांचे पाय हलतात, म्हणून पाऊल ठेवण्यापूर्वीं ओरडून सांगण्याचा प्रघात होता. नंतर सर्वांनीं एकदम वांकून मूठमूठ कापड वर ओढावयाचें, छातीखालीं दाबावयाचें, पुन्हां ओढावयाचें. भिजलेलें ताडपत्री कापड वाऱ्यांत फळीसारखें कठीण होतें; नखें उलटतात, बोटें सोलतात. एक हात जहाजाचा व एक हात आपला, असा नियम शिकवीत खरे, पण अशा वेळीं दोन्ही हात जहाजालाच द्यावे लागत. सिरोंचाकडे ताडावर चढणारा मनुष्य निदान कमरेभोंवतीं व झाडाभोंवतीं दोराचें कडें घेतो. जुन्या खलाशाजवळ तेंही नसे.

सर्व कापड वर आलें म्हणजे शेवटच्या घडीचें आवरण करून त्यांत तें गुंडाळीत आणि पट्ट्यांनीं काठीशीं आवळीत. या आवळण्यांत हयगय झाली तर रात्रीं एखाद्या सैल घडींत वारा शिरतो, ती फुगते, आणि पाहतां पाहतां सारें शीड सुटून चिंध्या होतात. घडीच्या तोंडांत पाऊस सांचला तर कापड कुजतें. ओलें लुगडें घडी करून ठेवल्यास काय होतें हें गृहिणींस मीं सांगावयास नको. म्हणूनच बंदरांत ऊन पडतांच शिडें सोडून वाळवीत आणि मगच पुन्हां बांधीत.

सबंध शीड गुंडाळावयाचें नसेल तर तें लहान करीत. त्यासाठीं शिडावर आडव्या ओळींत छोट्या दोऱ्या शिवलेल्या असतात. वरचा पट्टा काठीपर्यंत ओढून या दोऱ्या काठीभोंवतीं बांधावयाच्या. गांठ अशी कीं ताणांत घट्ट राहील, पण एका टोकास झटका देतांच सुटेल. काठीच्या अगदीं टोंकाशीं, वाऱ्याच्या बाजूस, बसून कोपरा बांधण्याचा मान सर्वांत कसबी खलाशाचा असे.

हीं कामें करणाऱ्यांत आमचे कोंकणी लोक पुष्कळ होते. रत्नागिरीकडील खलाशी इंग्रजांच्या जहाजांवर सारंग व तांडेल म्हणून चढले. त्यांच्या बोलींत पुढच्या डोलाला तिरकट आणि वरच्या शिडाला गावी हे शब्द रूढ होते; दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. वाफेचें यंत्र आलें, आणि त्या शब्दांना काम उरलें नाहीं.

विद्या मात्र अगदींच लोपली नाहीं. गोव्याच्या गोदींत बांधलेली 'तरंगिणी' ही तीन डोलांची नौका ११ नोव्हेंबर १९९७ रोजीं भारतीय नौदलांत दाखल झाली. तिच्यावर शिकाऊ अधिकारी अद्याप काठीवर चढून चौकोनी शिडें हातांनीं गुंडाळतात. फरक इतकाच कीं आतां कमरेला सुरक्षेचा पट्टा असतो. दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें 'म्हादेई' नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेथें वर चढावयास दुसरें कोणी नव्हतें, तेव्हां शिडें लहान करण्याचें सारें काम एका माणसाच्या दोन हातांवर होतें.

आणि नुकतीच 'कौंडिण्य' नांवाची नौका झाली. अजिंठ्याच्या लेण्यांतील जहाजाच्या चित्रावरून, फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवून ती गोव्यांत बांधली. मे २०२५ मध्यें कारवार येथें ती नौदलांत आली. तिचीं शिडें चौकोनी आहेत आणि सुकाणूच्या जागीं वल्हीं. अजिंठ्याच्या चित्रकारानें दोर कोठून कोठें जातात याचा नकाशा कांहीं ठेवला नाहीं, आणि अशा नौकेवर काम केलेला खलाशी आज हयात असणें शक्यच नव्हतें. तेव्हां तिच्या लोकांना शीड केव्हां उतरवावें हें समुद्रावरच शिकावें लागलें. डिसेंबर २०२५ मध्यें पोरबंदराहून निघून ती जानेवारी २०२६ मध्यें मस्कतला पोहोंचली.