भाडेकरार रोज नव्याने कशाला टाईप करायचा?

सातारा असो वा सांगली, कोर्टाजवळच्या टायपिंग सेंटरमध्ये भाडेकराराचा मजकूर तोच राहतो. बदलतात नावं, पत्ते, तारखा. एवढंच विचारून योग्य जागी भरणारा मॅक्रो टेम्प्लेटमध्ये ठेवता येतो.

वर्ड २००७ पासून साध्या ‘डीओसीएक्स’ फाइलमध्ये मॅक्रो साठवता येत नाही. मॅक्रोसह टेम्प्लेट ठेवायचं तर ‘डीओटीएम’ फाइल लागते.

अनेकजण मग ऑनलाइन कन्व्हर्टर शोधतात. पण तो फाइलचा प्रकार बदलतो, मॅक्रो लिहून देत नाही. शिवाय पक्षकाराचा आधार क्रमांक परक्या सर्व्हरवर जातो! आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो तर २०२२ पासून वर्ड आपोआप अडवू लागलं, कारण त्यांतून मालवेअर पसरतं.

सोपा मार्ग संगणकातच आहे: वर्डमध्ये एफ१२ दाबा, ‘मॅक्रो-एनेबल्ड टेम्प्लेट’ निवडा, सेव्ह करा.

मॅक्रो लिहिताना अडलात तर जरूर विचारा.