मऊ पृष्ठभाग आणि हवेचा रोध

उडत्या विमानाच्या पृष्ठभागाला लागून हवेचा जो पातळ थर मंदावतो त्याला सीमास्तर म्हणतात. तो काही अंतर संथ वाहतो, पुढे त्यात सूक्ष्म लहरी उठून वाढत जातात आणि प्रवाह खळबळीचा, म्हणजे संक्षुब्ध, झाला की घर्षणाचा रोध कित्येक पटींनी वाढतो. पृष्ठभागच मऊ ठेवून या लहरी दडपता येतील, ही कल्पना जर्मन अभियंता माक्स क्रामर यांना डॉल्फिनच्या त्वचेवरून सुचली. रबराच्या थरांमध्ये बारीक खुंट्या आणि त्यांच्या फटींत दाट सिलिकोन तेल, असे आवरण चढवलेली प्रतिकृती त्यांनी 1957 साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच बंदरात मोटरबोटीने ओढून पाहिली आणि रोधात सुमारे 60 टक्के घट नोंदवली.

नंतरच्या दशकात इतरांना हा निष्कर्ष पडताळता आला नाही व क्रामर चुकले असे मानले गेले. हा निकाल घाईचा होता. कारपेंटर आणि गॅराड यांनी 1985 मध्ये गणिताने दाखवले की योग्य लवचीकतेचे आवरण संक्षुब्धता लांबवू शकते, आणि पुढे गॅस्टर यांच्या पाण्याच्या टाकीतील चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला. खरी अडचण चाचणीतच आहे, कारण आवरण जास्त ताठ असेल तर ते प्रवाहाला दादच देत नाही, जास्त मऊ असेल तर त्याच्यावर स्वतःच्याच लाटा उठून रोध उलट वाढतो, आणि सांध्यापाशी राहिलेली किंचित उंचीदेखील मोजमाप बिघडवते.

हवेत तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असल्याने पाण्यातील दाबाचे चढउतार रबराला सहज हलवतात, पण तेच काम हवेने करायचे तर पृष्ठभाग अतिशय हलका व नाजूक हवा, आणि असा पृष्ठभाग पाऊस, धूळ व कडाक्याची थंडी सोसणाऱ्या विमानावर टिकणे कठीण. अमेरिकेत नासाच्या लँग्ली केंद्राने 1970 च्या दशकात वातविवरात, म्हणजे मोजलेल्या वेगाचा वारा सोडता येणाऱ्या बोगद्यात, फोमवर ताणलेली पातळ पटले तपासली, तरी पुन्हापुन्हा मिळेल अशी खात्रीची घट हाती आली नाही.

आज प्रवासी विमानांवर पोहोचली आहे ती शार्कच्या त्वचेवरून घेतलेली, बारीक खाचांची न हलणारी फिल्म. तिने इंधनाची बचत सुमारे 1 टक्का होते. लवचीक आवरणाचे खरे क्षेत्र पाणी आहे, आणि त्याच्या पुढील चाचण्या तिथेच व्हायला हव्यात.