शनिवारी पाच वाजताचा आवाज



आज आम्ही तुम्हाला इंग्लंडमधल्या एका रेडिओ वाचनाबद्दल सांगणार आहोत. विषय फुटबॉलचा आहे. पण चेंडू कोणी कसा मारला, हे काही आज सांगायचं नाही. सांगायचं आहे ते मोठ्याने वाचण्याबद्दल. आणि शेवटी आपल्या गटाच्या बैठकीबद्दलही.

इंग्लंडमध्ये शनिवार म्हणजे फुटबॉलचा दिवस. पूर्वी जवळजवळ सगळे सामने दुपारी तीनला सुरू व्हायचे आणि पावणेपाचच्या सुमारास संपायचे. एकाच वेळी चाळीस-पन्नास गावांत सामने. मग कोण जिंकलं हे घरबसल्या कळणार कसं? त्यासाठी बीबीसी रेडिओवर ‘स्पोर्ट्स रिपोर्ट’ नावाचा कार्यक्रम होता. तो जानेवारी १९४८ मध्ये सुरू झाला. संध्याकाळी पाच वाजता त्याची धून वाजायची आणि मग एक निवेदक सगळे निकाल ओळीने वाचायचा. आधी इंग्लंडचे मोठे संघ, मग लहान, मग स्कॉटलंडचे. संघाचं नाव, गोल, दुसऱ्या संघाचं नाव, गोल. बस, एवढंच. सुमारे पाच मिनिटांचं काम.

तुम्ही म्हणाल, यात ऐकण्यासारखं काय? ऐकण्यासारखा होता तो आवाज. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन नावाच्या निवेदकाने जवळजवळ चाळीस वर्षं हे निकाल वाचले. लहानपणी त्यांना पोलिओ झाला होता. त्यांनी वाचनाची एक रीत बसवली. समजा, लिव्हरपूलच्या मैदानावर आर्सेनलचा सामना झाला. लिव्हरपूल जिंकलं असेल, तर दुसऱ्या नावाला आवाज खाली यायचा. पाहुणा संघ जिंकला असेल, तर दुसऱ्या नावाला आवाज वर चढायचा. बरोबरी झाली असेल, तर दोन्ही नावं एका पट्टीत. त्यामुळे शेवटचा आकडा कानावर पडण्याआधीच ऐकणाऱ्याला निकाल कळायचा. आपल्याकडे दारात आलेली बाई नुसतं “अगं” म्हणाली, तरी बातमी बरी की वाईट ते आपल्याला समजतं ना? तसंच.

पण घरातले सगळे श्वास रोखून ऐकायचे, त्याला आणखी एक कारण होतं. पैसा. तिथे ‘फुटबॉल पूल्स’ नावाचा अंदाजांचा खेळ होता. लिटलवुड्स कंपनीने तो १९२३ मध्ये सुरू केला. एक छापील कूपन यायचं. कोणते सामने बरोबरीत सुटतील ते ओळखून खुणा करायच्या, थोडे पैसे भरायचे आणि कूपन पाठवायचं. शनिवारी पाच वाजता बाप हातात पेन्सिल घेऊन रेडिओजवळ बसायचा आणि पोरांना दम भरायचा, “गप्प बसा, एक शब्द नको.” लिव्हरपूल शहरात तर हजारो बायका ही कूपनं तपासण्याच्या नोकरीवर होत्या.

पैसा आला म्हणजे टिकतोच असं नाही, हे आपण बचत गटात नेहमी बोलतो. १९६१ मध्ये यॉर्कशायरमधल्या एका खाणकामगाराला पूल्समध्ये १,५२,३१९ पौंड लागले. त्याची बायको व्हिव्ह निकल्सन. पैशाचं काय करणार, असं विचारल्यावर तिने सांगितलं की खर्च करणार, खर्च आणि खर्चच. चार वर्षांनी नवरा मोटार अपघातात गेला. पैसाही संपला, आणि तिचं दिवाळं निघालं. आकड्याच्या नादाची गोष्ट कुठल्याही देशात एकसारखीच.

गॉर्डन यांना घशाचा कर्करोग झाला आणि त्यांची स्वरपेटी काढावी लागली. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले, २०१४ मध्ये वारले. त्यांच्या जागी शार्लट ग्रीन आल्या. रेडिओवर हे निकाल वाचणाऱ्या त्या पहिल्या बाई. बातम्या वाचण्यात त्यांची हयात गेली होती, पण फुटबॉलचे निकाल वाचायचे हे त्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं.

मग ऑगस्ट २०२२ मध्ये, नव्या हंगामाच्या सुरुवातीलाच, हे वाचन थांबवलं गेलं. साडेपाचला एका मोठ्या सामन्याचं थेट समालोचन सुरू करायचं होतं, म्हणून ‘स्पोर्ट्स रिपोर्ट’ वीस मिनिटांवर आला आणि निकालांना वेळ उरला नाही, असं बीबीसीने सांगितलं. खरं तर पाया आधीच हलला होता. १९९४ मध्ये सरकारमान्य राष्ट्रीय लॉटरी आली आणि पूल्स मागे पडले. टीव्हीसाठी सामने वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी होऊ लागले. आणि मोबाइलवर गोल झाल्या क्षणी आकडा दिसू लागला.

तरीही लोक नाराज झाले, त्यांनी तक्रारी केल्या. सगळेच काही जुन्या आठवणींसाठी हळहळत नव्हते. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, ज्याला मोबाइल चालवता येत नाही, जो गाडी चालवत घरी निघालाय, त्याच्यासाठी ती पाच मिनिटं कामाची होती. शिवाय त्या पाच मिनिटांत सगळ्यात मोठ्या संघाचं आणि तळातल्या छोट्या गावच्या संघाचं नाव सारख्याच मानाने घेतलं जायचं. मोबाइलवर माणूस आपल्या संघाचा निकाल बघतो आणि फोन खिशात टाकतो. बाकीची गावं त्याला दिसतच नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या गटांत पूर्वी बैठकीच्या शेवटी सचिव वही उघडून सगळा हिशोब मोठ्याने वाचायची. प्रत्येकीचं नाव, बचत, कर्ज, परतफेड, बाकी. मग नोंदी मोबाइलमध्ये जाऊ लागल्या आणि आम्हीच म्हणालो, “आता वाचायचं कशाला? सगळं ॲपमध्ये आहे.” वेळ वाचला, हे खरं. पण काही महिन्यांनी एका वयस्कर मावशींनी विचारलं, “बाई, माझे किती राहिले गं?” त्यांच्या दोन हप्त्यांची नोंदच झालेली नव्हती. वही वाचली जात होती तेव्हा अशी चूक त्याच बैठकीत सापडायची, कारण वीस जणी ऐकत असायच्या. चूक आमचीच होती. आम्ही ती दुरुस्त केली आणि मावशींची माफी मागितली.

तेव्हापासून आम्ही वाचन परत सुरू केलंय. ॲप आहेच, ते राहू द्या. पण पंचसूत्रीतली ‘लेखे अद्ययावत’ म्हणजे नुसतं लिहून ठेवणं नव्हे. ज्यांचे पैसे, त्यांच्या कानावर ते गेले पाहिजेत.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. उठण्याआधी दहा मिनिटं ठेवा आणि हिशोब मोठ्याने वाचा. दर वेळी वेगळ्या मैत्रिणीला वाचायला द्या. अडखळली तर अडखळू द्या. आणि प्रत्येकीचं नाव पूर्ण घ्या. जिची बचत सगळ्यात कमी आहे, तिचंसुद्धा.